हजार रुपयांच्या आतली रेड

दुकानाच्या काउंटरवर हजार रुपयांच्या आतल्या देशी रेड वाइनचा विषय निघाला की दोन मतं ठरलेली असतात. ‘आपल्या नाशिकची आहे, चांगलीच असणार’ हे एक. ‘घ्यायचीच तर बाहेरची घ्या’ हे दुसरं. दोन्ही मतं बाटली उघडण्याआधीची. नाशिकच्या वाइन उद्योगात गुणवत्ता तपासणीचं काम करणाऱ्या एका बाईंना ही दोन्ही सारखीच खटकतात. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन त्या वायनरीच्या प्रयोगशाळेत लागल्या, टाक्यांमधले नमुने तपासता तपासता चाखणीच्या टेबलाशी आल्या आणि तिथेच रमल्या. महागड्या बाटल्यांचं कौतुक करणारे पुष्कळ असतात. बाईंचा जीव हजाराच्या आतल्या रेडमध्ये अडकलेला आहे, कारण पहिल्यांदा वाइन घेणारा माणूस बहुधा हीच बाटली उचलतो, आणि ती वाईट निघाली तर पुन्हा वाइनच्या वाटेला जात नाही.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लाल वाइन म्हणजे गोव्याहून आणलेली गोड पोर्ट, एवढीच ओळख होती. त्या चवीची सवय झालेल्या जिभेला कोरडी रेड पहिल्या घोटाला आंबट आणि तुरट लागते. बाई अशा माणसाला नावं ठेवत नाहीत. रेडमध्ये तुरटपणा असायचाच. तो पिकलेल्या सालीचा आहे की कच्च्या बियांचा, हे ओळखणं हे त्यांचं काम.

वाइनच्या जगात नाशिकचं नाव अजून नवं आहे, आणि ते साहजिक आहे. फ्रान्स, इटली, स्पेनपासून चिली, ऑस्ट्रेलियापर्यंत वाइनचे नावाजलेले प्रदेश बहुतेक ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. नाशिक २० अंशांवर. युरोपातला वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. इथला वेल झोपतच नाही. त्याला दोन पिकं येऊ नयेत म्हणून माणसाने कात्री हातात घेतली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते आणि त्या काडीत घडाचा डोळा धरतो. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग डोळ्यांना पेस्टिंग, म्हणजे फूट एकसारखी निघते. काढणी जानेवारी ते मार्च. उत्तर गोलार्धातले बहुतेक बागाईतदार छाटणीच्या तयारीत असतात तेव्हा दिंडोरीत क्रेट भरत असतात.

हे गणित जमवायला फार वर्षं मिळालेली नाहीत. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन केली. बंगळूरजवळ ग्रोव्हर कुटुंबाने रेडचा ध्यास घेतला आणि बोर्दोचे मिशेल रोलाँ यांना सल्लागार म्हणून आणलं. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ १९९७ मध्ये वाइनची द्राक्षं लावली, कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की त्यांच्या मदतीला आले, आणि २००० मध्ये सुलाची वाइन बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि ज्या गावांना थॉमसन आणि शरद सीडलेस एवढीच द्राक्षं ठाऊक होती तिथे शिराझ, कॅबरने अशी नावं शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या ऊसपट्ट्यात, मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू एकत्र आले. तस्कनीचे पिएरो मासी त्यांचे वाइनमेकर झाले आणि त्यांनी सांजोव्हेझे हे तिकडचं द्राक्ष माळशिरस तालुक्यात रुजवलं. बोर्दोला जे शिकायला शतकं मिळाली ते इथे एका पिढीत शिकावं लागलं आहे. बाई हे वाक्य बोलतात तेव्हा त्यात अभिमान असतो. मात्र चाखणीच्या टेबलावर तो आणायचा नाही, असा त्यांचा नियम आहे.

नियमाची कारणं बागेत सापडतात.

फेब्रुवारीतली सकाळ, दिंडोरी तालुक्यातला शिराझचा प्लॉट. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी शेजारच्या बागेत काढणीला लागलेली. बागाईतदार काका रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून उजेडाकडे वळतात. “मॅडम, तेवीस ब्रिक्स आलं. उद्या तोडतो.” बाई ओळीत शिरतात. पूर्वेच्या बाजूचा एक मणी, पश्चिमेचा एक, पानाआड सावलीत राहिलेला एक, घडाच्या खांद्यावरचा एक आणि शेंड्याचा एक. मणी तोंडात दाबला की आधी गर सुटतो. तो गोड आहे, त्यात वादच नाही. मग त्या साल दाढेखाली घेतात आणि बराच वेळ चावत राहतात. पिकलेली साल लवकर विरघळते, तिचा रंग बोटांना लागतो, तुरटी मऊ असते. ही साल अजून चिवट आहे. शेवटी त्या बिया तळहातावर घेतात. एका मण्यात दोन, दुसऱ्यात तीन. पिकलेली बी तपकिरी, कोरडी, दाताखाली कटकन फुटणारी आणि भाजलेल्या दाण्याच्या चवीची. तळहातावरच्या निम्म्या बियांना हिरवट कड आहे. त्यातली एक बाई चावून बघतात, आणि कच्च्या सुपारीने जीभ आखडते तशी आखडते.

“साखर आली काका. बी नाही आली. आठवडाभर थांबा.”

काका लगेच हो म्हणत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. आठवड्यात मणी किंचित सुकतो आणि टनामागे वजन घटतं. पैसे वजनावर मिळतात. टोळी उद्यासाठी ठरलेली आहे. पाखरं आहेत. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारचा पारा चढायला लागतो, आणि एखादा बेमोसमी शिडकावा झाला तर घडात कूज शिरते. शेतकऱ्याने थांबायचं म्हणजे त्याने आपल्या खिशातून बाटलीची चव सुधारायची. स्वस्त रेडच्या चवीतला सगळ्यात मोठा दोष याच व्यवहारात तयार होतो, वायनरीच्या तळघरात तो नंतर दिसतो एवढंच.

कारण असं. निफाड-दिंडोरी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडक थंड असतात. निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. तोवर आंबटपणा टिकतो आणि रंगही भरतो. पण युरोपात द्राक्ष पिकताना ऋतू थंडीकडे जात असतो, इथे तो उन्हाळ्याकडे. साखर भराभर चढते, आम्ल घसरतं, आणि साल-बिया मात्र आपल्या गतीने पिकतात. त्यात खूंट, म्हणजे ज्या मुळावर वेलाचं कलम बांधतात ते. नाशिकच्या बागा खाण्याच्या द्राक्षावर वाढल्या, आणि त्या बागांचा भरवशाचा खूंट डॉगरिज. तो खारं पाणी सोसतो, जोमाने वाढतो. पण जोम म्हणजे दाट पानोळा, घडावर सावली, आणि मण्यात पोटॅशियम जास्त. पोटॅशियम वाढलं की रसाचा पीएच वर जातो. रेडचा पीएच साडेतीन ते पावणेचारच्या दरम्यान असला तर रंग तजेलदार राहतो आणि वाइन टिकते. चारकडे सरकला की रंग विटकरी पडतो, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि चव पसरट होते. वाइनच्या द्राक्षासाठी ११०-आरसारखे खूंट पुढे आले त्यामागे हाही विचार होता.

चाखणी सकाळी असते. पोटात थोडी भूक, तोंडात चहाची किंवा टूथपेस्टची चव नाही, अंगाला अत्तर नाही. बाटल्या कागदात गुंडाळून त्यांच्यावर फक्त आकडे. ग्लास सगळे एकाच मापाचे: १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरलेला, खाली फुगीर आणि वर निमुळता, ज्यात पन्नास मिलिलिटर ओतायचं असतं. बाकीची जागा वासाची. टेबलावर पांढरा कागद, पाणी, साधा पाव आणि थुंकण्यासाठी भांडी. नाशिकच्या शिराझ आणि कॅबरने, अकलूजकडची सांजोव्हेझे, कर्नाटकातली एखादी, आणि मधेच एखादी परदेशी, सगळ्या एकाच किमतीच्या आसपासच्या. परदेशी बाटली ठेवण्यामागे बाईंचा हेतू स्पष्ट आहे. आयात वाइनवर भारतात वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं. त्यावर वाहतूक, राज्याचे कर, दुकानदाराचा नफा. म्हणजे इथे नऊशे रुपयांना मिळणारी परदेशी रेड तिच्या गावात अगदी तळाच्या फडताळावर असते. ‘बाहेरची घ्या’ म्हणणाऱ्याने ही तुलना एकदा डोळे झाकून करून बघावी, असं त्यांना मनापासून वाटतं.

सातव्या क्रमांकाचा नमुना. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की मधे गडद जांभळा, कडेला जांभळट गुलाबी. कड विटकरी नाही, म्हणजे वय कमी आणि पीएच बहुधा ताब्यात. ग्लास न हलवता पहिला वास: पिकलेलं जांभूळ, मागे काळ्या मिरीची धार. हलवून दुसरा वास: करवंद, थोडा आमसुलाचा आंबूस गंध, ओल्या मातीसारखं काहीतरी, आणि अगदी शेवटी हिरव्या देठाचा बारीक वास. बाई कागदावर ‘देठ’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकतात. मग घोट. तो लगेच थुंकायचा नाही. जिभेवर फिरवायचा, ओठ किंचित उघडून हवा आत ओढायची. फळ पुढे येतं, आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवतो आणि तो फळात मिसळलेला आहे. मधे वाइन भरल्यासारखी वाटते. तुरटी हिरड्यांवर बसते, बारीक, पण शेवटी जरा खरखरीत. थुंकल्यानंतर मिरी रेंगाळते, मग ती खरखर. घशात दाह नाही. बाई पुन्हा वास घेतात आणि प्रश्नचिन्ह खोडतात. देठ आहे.

मिरीच्या त्या वासामागे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांनी शिराझमधल्या मिरीचं मूळ त्यात शोधलं; खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं. त्याच अभ्यासात असं दिसलं की पाचातल्या साधारण एका माणसाला ते जाणवतच नाही, कितीही हुंगलं तरी. बाईंच्या पॅनलमध्ये असा एक जण आहे. उत्तम जीभ, आंबटपणाचा अचूक अंदाज, पण मिरीच्या बाबतीत नाक कोरं. त्याला वगळण्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. वाइन विकत घेणाऱ्यांतही पाचातला एक तसाच असणार, आणि मिरी काढून घेतल्यावर त्या शिराझमध्ये काय उरतं हे फक्त तोच सांगू शकतो.

हिरवा वास मात्र वेगळ्या घराण्यातला. कॅबरने द्राक्षात ढोबळ्या मिरचीसारखा वास देणारी पायराझिनं असतात, आणि घडाला ऊन लागलं, फळ पुरतं पिकलं की ती कमी होतात. नाशिकच्या स्वस्त कॅबरनेत बाईंना पुष्कळदा एकाच घोटात ढोबळी मिरची आणि जास्तीचं मद्य दोन्ही भेटतात. थंड प्रदेशातल्या कच्च्या वाइनमध्ये मद्य कमी असतं. इथे साखर आधी चढल्यामुळे कच्चेपणा आणि उष्णता एका बाटलीत नांदतात. हा इथला खास दोष आहे. त्यावर बाईंचं मत ठाम आहे: या किमतीत नाशिकने कॅबरनेपेक्षा शिराझवर भर द्यावा. शिराझ उन्हाला सरावलेलं आहे, लवकर पिकतं, आणि जरा घाईने तोडलं तरी कॅबरनेइतकं हिरवं बोलत नाही. अकलूजच्या सांजोव्हेझेचं त्यांना विशेष कौतुक वाटतं, कारण त्या द्राक्षात आंबटपणा जात्याच जास्त असतो आणि उष्ण माळावरही तो बराचसा तग धरतो. रंगाने ती फिकट असते, म्हणून दुकानात लोक तिला ‘पातळ’ समजतात. गडद रंग म्हणजे चांगली रेड हा समज काढून टाकायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

नऊ नंबरला वाद झाला. वास गोडसर, व्हॅनिला आणि भाजलेल्या नारळाचा. तोंडात गोलाई, तुरटी जवळपास नाही, शेवट गुळगुळीत. दोघांनी भरघोस गुण दिले. बाईंनी ग्लास बाजूला ठेवला आणि अर्ध्या तासाने, वाइन खोलीच्या तापमानाला आल्यावर, पुन्हा उचलला. तेव्हा व्हॅनिला आणि फळ यांच्यातली फट दिसली. नवं ओकचं पिंप २२५ लिटरचं असतं, त्यात जेमतेम तीनशे बाटल्या भरतात. ते हजाराच्या आतल्या वाइनला परवडणं अवघड. म्हणून टाकीत ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडतात. यात गैर काही नाही, जगभर चालतं, आणि नीट वापरले तर तुकडे कच्च्या कडा बुजवतात. इथे मात्र ते फळाऐवजी वापरले होते. शिवाय साखर. युरोपीय मापाने कोरडी वाइन म्हणजे लिटरला साधारण चार ग्रॅमच्या आत साखर. प्रयोगशाळेचा आकडा नंतर आला तेव्हा नऊ नंबरमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. पोर्टच्या चवीला सरावलेल्या गिऱ्हाइकाला ती आवडणार, हे बाईंना मान्य आहे. त्यांचा आक्षेप लेबलावर आहे: गोडसर असेल तर तसं लिहा. गोडीच्या आड कच्चं फळ विकायचं नाही.

याच रांगेत एक नमुना दोनदा ठेवलेला असतो, वेगवेगळ्या आकड्यांनी. ही युक्ती नवी नाही. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी एका मोठ्या राज्य स्पर्धेत २००५ पासून काही वर्षं परीक्षकांसमोर एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा ठेवली. दहातला जेमतेम एक परीक्षक आपल्याच गुणांशी प्रामाणिक राहिला, बाकीच्यांचे गुण एका पदकातून दुसऱ्या पदकात गेले. बाईंनी तो निबंध पॅनलमधल्या प्रत्येकाला वाचायला दिला आहे. त्यावर त्यांचा उपाय साधा: जुळ्या नमुन्याच्या दोन गुणांत ज्याचं अंतर फार, त्याचं त्या दिवसाचं मत हलकं धरायचं, मग तो कितीही अनुभवी असो. बाईंनाही तोच नियम. आणि गुण देण्याआधी रांग उलट दिशेने पुन्हा चाखायची, कारण तुरट वाइननंतर आलेली मऊ वाइन नेहमी जास्त चांगली वाटते.

किमतीचा प्रश्न त्या दोन टप्प्यांत सोडवतात. आधी किंमत ठाऊक नसताना गुण. २००८ मध्येच कॅल्टेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी माणसांना एकच वाइन दोन किमती सांगून पाजली आणि मेंदूची चित्रं घेतली. जास्त किंमत ऐकल्यावर आवड तर वाढलीच, सुखाशी जोडलेल्या भागातली हालचालही वाढली. म्हणजे किंमत चवीतलं सुख खरोखर वाढवते. म्हणून कागद काढायचा नाही. गुण लिहून झाले, सह्या झाल्या, की मगच किंमत सांगायची आणि एकच प्रश्न विचारायचा: स्वतःच्या पैशाने दुसरी बाटली घ्याल का? या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’, मधलं उत्तर चालत नाही. नव्वदीत गुण मिळालेल्या वाइनला ‘नाही’ आलेलं बाईंनी पाहिलं आहे, आणि ऐंशीच्या आसपासच्या वाइनला पॅनलने एकमुखाने ‘हो’ म्हटलेलंही. एक ग्लास थक्क करणारी पण दुसऱ्या ग्लासाला जड होणारी वाइन घरच्या जेवणात निरुपयोगी आहे. हजाराच्या आतली रेड ही घरच्या जेवणाची वाइन आहे, तिला त्याच कामावर जोखलं पाहिजे.

म्हणून उरलेल्या बाटल्या बाईंसोबत घरी जातात. बुच किंवा फिरकीचं झाकण लावून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. ज्या वाइनमध्ये फळ खरं असतं ती चोवीस तासांत फार तर शांत होते. ज्यात नसतं तिचा मुखवटा उतरतो, व्हिनेगरचा वास पुढे येतो किंवा नुसतं मद्य उरतं. तापमानाची बाब तर इतकी महत्त्वाची की तिच्यापायी चांगल्या वाइनची बदनामी झाली आहे. ‘रेड खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे युरोपातल्या दगडी घरांचं वाक्य, सोळा ते अठरा अंशांचं. नाशिकमध्ये एप्रिलची खोली तीस-पस्तीस अंशांवर असते. तिथे शिराझ ओतली की मद्य नाकात चढतं, फळ मुरांब्यासारखं शिजकट वाटतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली की तीच बाटली वेगळी लागते.

दुकानातल्या उन्हाचं काय करायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. काचेच्या शोकेसमध्ये मे महिना काढलेली बाटली वायनरीतून निघालेली बाटली राहत नाही. वास सुक्या मनुकांचा, रंग तपकिरी, आंबटपणा सुटा पडलेला. अशा बाटलीवरून निकाल देणं वाइन करणाऱ्यावर अन्याय आहे. पॅनलसाठी बाई एकाच वाइनच्या बाटल्या दोन वेगळ्या दुकानांतून आणवतात, आणि दोहोंत फरक आढळला तर वायनरीच्या साठ्यातली तिसरी मागवतात. तिन्ही वाईट निघाल्या तरच दोष द्राक्षाचा किंवा टाकीचा. गिऱ्हाइकाला एवढी चैन परवडत नाही. त्याने निदान शोकेसमधली बाटली नको म्हणावी, आतली मागावी, आणि लेबलावरचं भरणीचं वर्ष बघावं.

जेवणाशी जोडी लावताना बाई फार नियम सांगत नाहीत. तिखटाने मद्याचा दाह वाढतो आणि तुरटी बोचते, म्हणून झणझणीत मिसळीबरोबर किंवा लाल तर्रीच्या रश्श्याबरोबर तरुण रेड बसत नाही. तेलावर परतलेलं सुकं मटण, काळ्या मसाल्यातली पण बेताच्या तिखटाची उसळ, खान्देशी पद्धतीचं वांग्याचं भरीत, शेंगदाण्याचं कूट पडलेलं काहीही: तिथे शिराझ खुलते. भाजलेल्या वांग्याचा धूर आणि शिराझची मिरी यांचं जमतं, हे त्यांनी पाहुण्यांना पुन्हा पुन्हा खाऊ घालून पटवलं आहे.

सात नंबरचा कागद निघाला तेव्हा ती दिंडोरीकडचीच शिराझ होती. हजाराच्या आत, फिरकीच्या झाकणाची, ओकशिवाय केलेली. गुण चौऱ्याऐंशी, पुढच्या प्रश्नाला ‘हो’. बाईंनी शेऱ्यात लिहिलं: फळ स्वच्छ, आंबटपणा जागेवर, दोष नाही, शेवटाची खरखर आणि देठ हे लवकर काढणीचं लक्षण, दोन वर्षांच्या आत संपवावी, थंड करून द्यावी. खाली वायनरीसाठी वेगळा शेरा होता, आणि त्यात चवीविषयी एक शब्दही नव्हता. द्राक्षाचा दर फक्त वजन आणि ब्रिक्सवर ठरवू नका. बियांच्या रंगाची पाहणी करून थांबणाऱ्या शेतकऱ्याला किलोमागे वाढीव पैसे द्या, म्हणजे सुकलेल्या मण्याचं नुकसान त्याच्या अंगावर पडणार नाही.

वायनरीने तो शेरा पूर्ण मानला नाही, पण निम्म्या ओळींपुरता मानला. पुढच्या हंगामात काकांच्या प्लॉटच्या पश्चिमेकडच्या ओळी नेहमीच्या वेळी तुटल्या आणि पूर्वेकडच्या बिया तपकिरी होईपर्यंत थांबल्या, वाढीव दराने. दोन्हींचा रस वेगळ्या टाक्यांत गेला, एकाच यीस्टवर आंबला, ओक कशालाच नाही. प्रयोगशाळेच्या पहिल्या आकड्यांत थांबलेल्या टाकीचं मद्य अर्ध्या टक्क्याने जास्त आहे आणि पीएच किंचित वर, त्यामुळे तिच्यात टार्टारिक आम्ल किती घालायचं यावर बाई आणि वाइनमेकर यांचं अजून एकमत झालेलं नाही. पावसाळ्यात दोन्ही नमुने कागदात गुंडाळून रांगेत बसतील. काकांनीही टेबलावर यावं, असं बाईंनी त्यांना सांगून ठेवलं आहे.